पिंजऱ्यातला दुसरा पक्षी

1921 साली ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये कार्ल हर्ट्झ नावाच्या जादूगाराला आपला खेळ एका समितीपुढे करून दाखवावा लागला. समिती प्राण्यांच्या खेळांची चौकशी करत होती. आरोप असा होता, की हर्ट्झ जो पिंजरा गायब करतो, त्यात दर खेळाला एका पक्ष्याचा जीव जातो. खेळ दिसायला अगदी साधा. दोन हातांत धरलेला छोटा चौकोनी पिंजरा, आत कॅनरी. जादूगार हात झटकतो आणि पिंजरा पक्ष्यासकट नाहीसा होतो. ना वर कापड, ना खाली टेबल.

ही करामत मूळची ब्वातिए द कोल्टा या फ्रेंच जादूगाराची, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. पिंजऱ्याचे कोपरे पक्के नसतात, ते हलते असतात. एका कोपऱ्याला बांधलेली दोरी कोटाच्या आतून, पाठीमागून गेलेली असते. हात झटकून पुढे गेले की दोरी ताणली जाते, चौकोन तिरपा होऊन मिटतो आणि लांबट चपटी वस्तू होऊन बाहीत शिरतो. डोळ्याला हे दिसत नाही, कारण ते घडायला निमिषही लागत नाही. आतल्या पक्ष्याचं काय होतं, हा प्रश्न मात्र रास्त होता. हर्ट्झने समितीच्या डोळ्यांदेखत पिंजरा गायब केला आणि पक्षी जिवंत असल्याचं दाखवलं. कायदे करणाऱ्या सभागृहाने जादूगाराला विचारावं, की बाबा रे, तुझ्या खेळात कुणी मरत तर नाही ना? या प्रश्नाइतका जादूच्या मर्मावर बोट ठेवणारा दुसरा प्रश्न मला माहीत नाही.

क्रिस्टोफर नोलनचा 'द प्रेस्टीज' हा 2006 सालचा चित्रपट याच प्रश्नावर उभा आहे. (पुढे त्याची सगळी गुपितं उघड होणार आहेत. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी आधी पाहावा, मग हे प्रकरण वाचावं.) चित्रपटाच्या सुरुवातीच्या भागात एक छोटा प्रसंग आहे. जादूगार टेबलावर कापडाखाली झाकलेला पिंजरा फटक्यासरशी सपाट करतो आणि पुढच्या क्षणी पक्षी परत आणून दाखवतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. एक लहान मुलगा मात्र रडू लागतो. त्याने मारला, त्याने मारला, असं म्हणत राहतो. आल्फ्रेड बोर्डन नावाचा तरुण मदतनीस त्याच्याजवळ जाऊन हातातला पक्षी दाखवतो. बघ, हा ठीक आहे. मुलगा पक्ष्याकडे बघतो आणि विचारतो, मग याचा भाऊ कुठे आहे?

थोड्या वेळाने बोर्डन आत जातो, सपाट पिंजरा उघडतो आणि मेलेला पक्षी टाकून देतो. एवढंच. पण पुढचे दोन तास जे घडणार आहे ते सगळं त्या पोराच्या प्रश्नात आलेलं आहे. जो गेला तो परत आलाच नाही. परत आला तो दुसरा.

कथा अठराशे नव्वदच्या दशकातल्या लंडनमध्ये घडते. रॉबर्ट अँजियर (ह्यू जॅकमन) आणि बोर्डन (ख्रिश्चन बेल) हे दोघे मिल्टन नावाच्या जादूगाराकडे उमेदवारी करणारे. त्यांचं काम प्रेक्षकांत बसायचं, 'कुणीतरी वर या' अशी हाक आली की साधे प्रेक्षक असल्यासारखं रंगमंचावर जायचं आणि जादूगाराच्या मदतनीस बाईचे हातपाय बांधायचे. पेरलेली माणसं म्हणतात ती हीच. ही मदतनीस ज्युलिया, अँजियरची बायको. तिला पाण्याच्या टाकीत सोडतात, पडदा ओढतात, ती गाठी सोडवून बाहेर येते. एका रात्री ती बाहेर येत नाही. मनगटाची गाठ बोर्डनने बांधलेली असते. नेहमीची सुटणारी गाठ, की तो ज्या अवघड गाठीचा आग्रह धरत होता ती? अंत्यविधीच्या वेळी अँजियर त्याला हेच विचारतो. बोर्डन म्हणतो, मला माहीत नाही. तिथून वैर पेटतं. अँजियर वेश बदलून बोर्डनच्या बंदुकीच्या खेळात घुसतो आणि त्याची दोन बोटं उडवतो. बोर्डन अँजियरचा पिंजऱ्याचा खेळ उधळतो. त्यात पक्षी मरतो आणि वर बोलावलेल्या बाईचा हात पिंजऱ्यात चिरडतो.

ही कथा क्रिस्टोफर प्रीस्ट यांच्या 1995 सालच्या त्याच नावाच्या कादंबरीवरून घेतली आहे. पटकथा क्रिस्टोफर आणि जोनाथन या नोलन बंधूंची. दोन भावांनी बसून हे लिहिलं, ही गोष्ट चित्रपट कळल्यावर आणखी मजेशीर वाटते. कादंबरी रोजनिशा आणि आठवणींतून उलगडते, आणि तिच्यात या दोघांचे आजच्या काळातले वंशज येतात. भांडणाचं कारणही तिथे वेगळं आहे. ज्युलिया तिथे टाकीत बुडत नाही. मृतात्म्यांशी बोलण्याच्या एका बैठकीत बोर्डन जो धिंगाणा घालतो, त्यातून वैर सुरू होतं. नोलन बंधूंनी वंशज काढून टाकले आणि त्यांच्या जागी खुनाचा खटला आणला. चित्रपट सुरू होतो तोच मुळी अँजियर रंगमंचाखालच्या टाकीत बुडून मरतो, बोर्डन तिथे सापडतो आणि न्यायालयात उभा राहतो, इथून. फाशीची तारीख जवळ येत जाते आणि तुरुंगातला बोर्डन आपल्या मेलेल्या शत्रूची रोजनिशी वाचतो. त्या रोजनिशीत अँजियर बोर्डनची रोजनिशी वाचत असतो. जादूगारांच्या वैराची कथा अशी गुन्हेकथा झाली, आणि माझ्या मते हा बदल मूळ कादंबरीवर केलेला उपकार आहे. खटला आला आणि 'मेलं कोण, परत आलं कोण' या प्रश्नाला कायद्याचं वजन आलं.

प्रत्येक खेळाचे तीन टप्पे असतात, असं चित्रपटात कटर हा जुना कारागीर (मायकेल केन) एका लहान मुलीला सांगतो. आधी साधी वस्तू दाखवायची, मग तिचं काहीतरी अजब करायचं, आणि शेवटी ती परत आणायची. टाळ्या पडतात त्या तिसऱ्या टप्प्याला. या तीन टप्प्यांना चित्रपटात जी नावं दिली आहेत ती जादूगारांची परंपरागत नावं नव्हेत. ती प्रीस्ट यांनी कादंबरीसाठी घडवली आणि इतकी चपखल बसली, की आता सगळीकडे ती जुन्या व्यवसायातली असल्यासारखी वापरली जातात. नावं नवी असली तरी त्यातली गोष्ट खरी आहे. तिसरा टप्पा गाळला तर काय होतं, याचा एक दाखला इतिहासात आहे आणि तो आपल्या जादूगार पी. सी. सरकारांनी घालून दिलेला आहे.

9 एप्रिल 1956. बीबीसीच्या 'पॅनोरामा' या कार्यक्रमात सरकारांनी थेट प्रक्षेपणात आपल्या तरुण मदतनीस मुलीला टेबलावर निजवून यांत्रिक करवतीने मधोमध कापलं. करवत थांबली. सरकारांनी तिचा हात चोळला, तिला हलवलं, ती उठली नाही. त्यांनी तिच्या तोंडावर कापड टाकलं. तेवढ्यात निवेदक रिचर्ड डिम्बल्बी पुढे आले आणि त्यांनी कार्यक्रम संपल्याचं सांगितलं. बीबीसीचे फोन वाजू लागले ते थांबेनात. आपल्या डोळ्यांदेखत एका मुलीचा खून झाला, अशी हजारो घरांची खात्री पटली होती. मुलगी अर्थातच धडधाकट होती. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले आणि लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरातल्या सरकारांच्या प्रयोगांवर लोकांच्या उड्या पडल्या. वेळ संपली म्हणून कार्यक्रम थांबला, असं सांगितलं गेलं. पण सरकारांसारखा घड्याळावर हुकमत असलेला माणूस ती वेळ साधायला चुकला असेल, हे माझ्या मनाला पटत नाही. काही का असेना, त्या रात्री बाई परत आणण्याचा टप्पा गळला आणि तोच खेळ गुन्हा होऊन बसला. खेळ आणि गुन्हा यांच्यात तेवढंच अंतर असतं.

चित्रपटात वैर पेटण्याआधी कटर अँजियर आणि बोर्डन या दोन उमेदवारांना एका चिनी जादूगाराचा खेळ बघायला पाठवतो. म्हातारा, वाकलेला चुंग लिंग सू मोठा झगा घालून रंगमंचावर येतो आणि रिकाम्या जागेतून पाण्याने भरलेलं, मासे पोहत असलेलं जड काचेचं भांडं काढतो. खेळ संपल्यावर दोघे बाहेर थांबून त्याला बग्गीत चढताना बघतात. पाय ओढत, दुसऱ्याच्या आधाराने तो चढतो. बोर्डनला उलगडा होतो. भांडं सगळा वेळ झग्याखाली, दोन मांड्यांच्या मध्ये धरलेलं असतं. ते धरून चालायचं तर असंच चालावं लागतं. आणि रंगमंचावर असं चालण्याचा कुणाला संशय येऊ नये म्हणून तो आयुष्यभर, रस्त्यावरसुद्धा, पांगळ्यासारखाच चालतो. अँजियरला हे वेड वाटतं. बोर्डनच्या डोळ्यांत मात्र चमक येते. हीच खरी जादू, असं तो म्हणतो. पहिल्यांदा बघताना आपण हा प्रसंग जादूच्या इतिहासातला एक गमतीदार तुकडा म्हणून पाहतो. बोर्डन तिथे स्वतःबद्दल बोलतोय हे आपल्याला कळत नाही.

खऱ्या चुंग लिंग सूची गोष्ट चित्रपटात दाखवलेल्यापेक्षाही विलक्षण आहे. तो चिनी नव्हताच. विल्यम एल्सवर्थ रॉबिन्सन हा न्यूयॉर्कचा माणूस, 1861 साली जन्मलेला. हॅरी केलर आणि अलेक्झांडर हेर्मान या त्या काळच्या बड्या जादूगारांकडे त्याने पडद्यामागे काम केलं होतं. कारागीर म्हणून पहिल्या प्रतीचा, पण रंगमंचावर बोलायला लागला की फिका पडायचा. त्याच सुमारास चिंग लिंग फू हा खरा चिनी जादूगार अमेरिका गाजवत होता आणि पाण्याने भरलेलं प्रचंड भांडं झग्याखालून काढणं ही त्याचीच खासियत होती. हा खेळ कुणी करून दाखवावा आणि हजार डॉलर न्यावेत, असं त्याच्या वतीने जाहीर झालं होतं. रॉबिन्सनला जमत होतं, पण त्याला संधी दिली गेली नाही. मग 1900 साली तो युरोपात गेला, डोकं भादरलं, वेणी लावली, चिनी झगा चढवला आणि न बोलणारा चिनी जादूगार झाला. बोलण्यातला कमकुवतपणा एका फटक्यात सुटला. रंगमंचाबाहेरही तो इंग्रजी येत नसल्यासारखा वागे. वार्ताहरांशी बोलायचं तर दुभाष्यामार्फत. त्याची गोरी अमेरिकन साथीदार डॉट चिनी पोशाखात 'स्वी सीन' म्हणून उभी राहायची. 1905 साली लंडनमध्ये खरा आणि नकली असे दोन्ही चिनी एकाच वेळी, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावरच्या नाट्यगृहांत खेळ करत होते. फूने आव्हान दिलं, वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं. ठरलेल्या वेळी सू हजर राहिला, फू आलाच नाही. लोकांनी नकली माणसाला खरा ठरवलं.

बंदुकीच्या गोळीचा खेळ चित्रपटात बोर्डनची बोटं खातो. सूचा त्याने जीव घेतला. 23 मार्च 1918 रोजी उत्तर लंडनच्या वुड ग्रीन एम्पायर नाट्यगृहात तो नेहमीचा खेळ करत होता. प्रेक्षकांनी खुणा केलेल्या गोळ्या बंदुकीत भरायच्या, समोरून झाडायच्या आणि त्याने त्या चिनी मातीच्या थाळीवर झेलल्याचं दाखवायचं. बंदुका तोंडाकडून दारू ठासायच्या जुन्या प्रकारच्या होत्या. नळीखाली दारू ठासायची सळई ठेवायला आणखी एक बारीक नळी असते. सूने ठिणगीचा रस्ता वळवून या खालच्या नळीकडे नेला होता. वरच्या नळीत दारू आणि गोळी तशीच पडून राहायची, बार खालच्या नळीत उडायचा. आवाज खरा, धूर खरा, गोळी जागच्या जागी. खेळ संपल्यावर वरची गोळी काढायची तर बार काढून मोकळी करणं सुरक्षित होतं. पण सू मागचा स्क्रू फिरवून बंदूक खोलायचा. वर्षानुवर्षं तेच केल्याने स्क्रूचे आटे झिजले. त्या फटीतून बारीक दारू झिरपत गेली आणि बंद केलेला रस्ता पुन्हा उघडला. त्या रात्री ठिणगी दोन्हीकडे पोहोचली. गोळी छातीत शिरली आणि अठरा वर्षं रंगमंचावर इंग्रजी न बोललेल्या माणसाने इंग्रजीत पडदा पाडायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो गेला. चौकशीत मृत्यू अपघाती ठरला. बंदूक खोलायची ही सवयच तिला झिजवत गेली होती.

चित्रपटाने त्याचं नाव वापरलं, पण म्हातारा खरोखरीचा चिनी दाखवला. काळही थोडा मागे-पुढे केला. खरी हकीकत सांगितली असती तर प्रेक्षक लगेच सावध झाला असता, म्हणून ती दडवली असावी, असं मला वाटतं. कारण बोर्डनचंही तेच गुपित आहे. तो एक माणूस नाही. ते दोन जुळे भाऊ आहेत आणि दोघे मिळून एकच आयुष्य जगतात. एक बोर्डन असतो तेव्हा दुसरा दाढी-चष्मा लावून फॅलन नावाचा अबोल मदतनीस असतो. मग अदलाबदल. एका दारातून आत जाऊन पलीकडच्या दारातून त्याच क्षणी बाहेर पडणाऱ्या माणसाचा त्यांचा खेळ लंडनला वेड लावतो, आणि उत्तर इतकं साधं असतं की अँजियर ते मानायलाच तयार होत नाही. कटर पहिल्याच दिवशी सांगतो, तो डबल वापरतो, दुसरं काय. चित्रपट गुपित असं उघड्यावर ठेवतो आणि आपणही अँजियरबरोबर ते बाजूला सारतो. आपल्याला काहीतरी अधिक खोल हवं असतं ना.

या साधेपणाची किंमत साराला मोजावी लागते. सारा (रिबेका हॉल) ही एका भावाची बायको. नवऱ्याने प्रेमाची कबुली दिली की ती त्याच्या डोळ्यांत बघते आणि सांगते, आज हे खरं आहे, किंवा आज हे खरं नाही. लग्नाच्या सुरुवातीला हा त्यांच्यातला लाडिक खेळ वाटतो. खरं तर ती दर वेळी बरोबर ओळखत असते. तिच्यावर प्रेम करणारा एक, आणि त्याच चेहऱ्याने घरात वावरणारा, दुसरीवर जीव जडलेला दुसरा. एका भावाची बोटं गेल्यावर दुसऱ्याची बोटं छिन्नी ठेवून तोडली जातात, म्हणजे फरक राहू नये. सारा जखम पाहून चक्रावते. भरत आलेली जखम पुन्हा ओली कशी झाली? ती गोंधळते, दारू पिऊ लागते, भांडते आणि शेवटी गळफास घेते. खटला अँजियरच्या मृत्यूचा चालतो. साराच्या मृत्यूचा खटला कुणीच चालवत नाही, आणि मला तोच या चित्रपटातला सगळ्यात मोठा गुन्हा वाटतो. ख्रिश्चन बेलचं काम दुसऱ्यांदा बघताना थक्क व्हायला होतं. कुठल्या प्रसंगात कुठला भाऊ आहे हे चालण्यातून, साराकडे बघण्यातून, मुलीशी बोलण्याच्या सुरातून ओळखता येतं. त्याने ते पहिल्यापासून वेगळं ठेवलेलं आहे, फक्त आपण शोधत नव्हतो.

अँजियर दुसऱ्या वाटेने जातो. आधी तोही डबल मिळवतो, रूट नावाचा दारुडा नट. खेळ जमतो, पण टाळ्या पडतात तेव्हा रंगमंचावर रूट असतो आणि अँजियर फळीखालच्या अंधारात उभा राहून त्या ऐकतो. हे त्याला सोसत नाही. बोर्डनच्या रोजनिशीची सांकेतिक लिपी उलगडणारा एक शब्द त्याला अमेरिकेला, कोलोरॅडो स्प्रिंग्जला निकोला टेस्लाकडे घेऊन जातो. टेस्लाचं काम डेव्हिड बोवी या गायकाने केलं आहे.

इथे चित्रपट इतिहासाला चिकटून चालतो आणि मग सुटतो. टेस्ला खरोखरच मे 1899 मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला गेला आणि जानेवारी 1900 पर्यंत राहिला. तिथल्या प्रयोगशाळेत त्याने लाखो व्होल्टचा दाब निर्माण करून कित्येक फूट लांबीच्या ठिणग्या पाडल्या. एडिसनच्या माणसांनी ती प्रयोगशाळा जाळली, हे मात्र कल्पित आहे. 1895 साली जळली ती त्याची न्यूयॉर्कची प्रयोगशाळा. कोलोरॅडोची पुढे कर्जापायी मोडीत निघाली. टेस्लाचं एक छायाचित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. चहूबाजूंना विजांचं तांडव चालू आहे आणि मधोमध टेस्ला खुर्चीत शांतपणे वाचत बसला आहे. ते छायाचित्र दोनदा उघडलेल्या काचेचं आहे. आधी अंधारात ठिणग्या टिपल्या, मग वीज बंद करून टेस्लाला खुर्चीत बसवलं आणि त्याच काचेवर पुन्हा चित्र घेतलं. म्हणजे हीसुद्धा हातचलाखीच. छायाचित्रकाराचं नाव होतं डिकन्सन ॲली. आणि चित्रपटात टेस्लाच्या मदतनीसाचं (अँडी सर्किस) नाव काय, तर मिस्टर ॲली. पटकथाकारांनी ही खूण जाणून ठेवली असणार.

टेस्लाचं यंत्र माणसाला एका जागेवरून दुसरीकडे नेत नाही. ते त्याची हुबेहूब प्रत थोड्या अंतरावर निर्माण करतं. चित्रपटाच्या अगदी पहिल्या दृश्यात जंगलात पडलेल्या पन्नासेक सारख्या टोप्या दिसतात, त्यांचा अर्थ इथे लागतो. अँजियर शंभर प्रयोग जाहीर करतो. दर प्रयोगाला यंत्रात उभा राहिलेला अँजियर फळी उघडून खालच्या पाण्याच्या टाकीत पडतो आणि कुलूप लागतं. त्याच वेळी वर बाल्कनीत दुसरा अँजियर हात पसरून उभा असतो. टाळ्या अखेर त्याच्या होतात. खालचा बुडून मरतो. टाक्या हलवणारे कामगार आंधळे निवडलेले असतात. हाच अँजियर सुरुवातीला पिंजऱ्याच्या खेळात पक्षी मारायला तयार नव्हता आणि कटरने त्याच्यासाठी पक्षी वाचवणारा पिंजरा बनवला होता, हे विसरू नका.

ज्युलिया बुडाली तेव्हा कटरने अँजियरच्या समाधानासाठी एक गोष्ट सांगितली होती. बुडता बुडता वाचलेल्या एका खलाशाने त्याला म्हणे सांगितलं होतं, की तो अनुभव घरी परतण्यासारखा असतो. अँजियर रोज रात्री फळीवर उभा राहतो तो बहुधा या आधारावर. शेवटी सत्य कळल्यावर कटर त्याला सांगतो, की मी खोटं बोललो. तो खलाशी यातना म्हणाला होता. मायकेल केन हे वाक्य आवाज न चढवता म्हणतो. सगळ्या चित्रपटात मला हाच सगळ्यात कठोर क्षण वाटतो, कारण अँजियरला त्यावर बोलण्यासारखं काहीच उरत नाही.

यंत्र आणणं म्हणजे प्रेक्षकाची फसवणूक, असं अनेकांना वाटलं. जादूच्या गोष्टीत खरीच अशक्य गोष्ट आणली तर मग कोडं राहिलं कुठे? मला हा आक्षेप पटत नाही. टोप्या पहिल्याच दृश्यात दाखवलेल्या आहेत, पक्ष्याच्या भावाचा प्रश्न विचारून झालेला आहे. आणि मुख्य म्हणजे यंत्राने क्लृप्ती सुटत नाही, नुसती किंमत उघडी पडते. बोर्डन बंधूंकडे यंत्र नाही, तरी त्यांच्याही खेळात एकाने फळीखाली राहायचं असतं. फाशीचा तख्ताही शेवटी खालून उघडणारी फळीच आहे. एक भाऊ तिथून खाली जातो आणि दुसरा जिवंत उरलेल्या अँजियरसमोर येऊन उभा राहतो.

हा चित्रपट जादूगारांच्या सल्ल्याने बनला. रिकी जे आणि मायकेल वेबर हे सल्लागार होते. त्यातला रिकी जे हा पत्त्यांचा अव्वल उस्ताद चित्रपटात मिल्टन म्हणून दिसतोही. पण सिनेमा आणि जादू यांचं नातं याहून जुनं आहे. पॅरिसमध्ये जॉर्ज मेलिएस हा जादूगार एका जादूच्या नाट्यगृहाचा मालक होता. 1896 साली त्याने ब्वातिए द कोल्टाचाच बाई गायब करण्याचा खेळ चित्रफितीवर घेतला. मूळ खेळातल्या फळीची गरज उरली नाही. कॅमेरा थांबवला, बाईला बाजूला केलं, पुन्हा सुरू केला. त्याच वर्षी लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये डेव्हिड डेव्हंट हा जादूगार आपल्या खेळांबरोबर चालती चित्रं दाखवत होता.

आणि आपल्याकडे? त्र्यंबकेश्वरात जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी जादूचे प्रयोग करत. आडनावाची अक्षरं उलटी करून त्यांनी 'प्रोफेसर केळफा' हे नाव घेतलं होतं. 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' आला, 1917 साली 'लंकादहन', 1919 साली 'कालिया मर्दन'. या चित्रपटांतले चमत्कार ज्या हाताने केले तो आधी रंगमंचावर तयार झालेला हात होता. वस्तू नाहीशी कशी करायची यापेक्षा प्रेक्षकाची नजर त्या क्षणी कुठे असेल, हे फाळक्यांना माहीत होतं. कॅमेऱ्यामागे उभ्या राहणाऱ्याला यापेक्षा मोठी शिदोरी कुठली? 2013 साली 'धूम 3' मध्ये आमिर खानने शिकागोच्या सर्कशीतला जादूगार आणि त्याचा लपवलेला जुळा भाऊ साकारला, तेव्हा नोलनच्या चित्रपटाची आठवण पुष्कळांना झाली. त्यात मात्र जुळ्याचं गुपित मध्यंतरालाच फोडलं आहे. त्यामुळे पुढे भावाभावांतलं प्रेम आणि असूया दाखवता आली, पण कोडं संपलं.

राहता राहिली गाठ. ज्युलियाच्या मनगटावर त्या रात्री कुठली गाठ होती, हे चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही. तुरुंगातल्या भावाने फाशीपूर्वी दुसऱ्याची माफी मागितली, साराबद्दल खेद व्यक्त केला. गाठीचं नावही काढलं नाही. पण बोर्डनच्या रोजनिशीत एक नोंद आहे, जी अँजियर वाचतो आणि संतापतो. तिचा आशय असा, की माझा एक अर्धा भाग शपथेवर सांगतो मी साधी गाठ बांधली, दुसऱ्या अर्ध्याला खात्री आहे की मी अवघडच बांधली. अँजियरला ही पळवाट वाटते, बायको गमावलेल्या माणसाची केलेली चेष्टा वाटते. खरं तर ती त्या रोजनिशीतली सगळ्यात सरळ ओळ आहे. अंत्यविधीला जो आला तो गाठ बांधणारा भाऊ नसेल, तर त्याने 'मला माहीत नाही' म्हटलं तेही खरंच होतं. माझा कौल फाशी गेलेल्या भावाकडे जातो. घाई, जिद्द, जीव धोक्यात घालायची हौस हे सगळं त्याचं, आणि त्या अवघड गाठीसाठी कटरशी वाद घालणाराही तोच वाटतो. तसं असेल तर न्यायालयाने ज्या खुनासाठी त्याला फाशी दिली तो त्याने केला नव्हता, आणि ज्या मृत्यूला त्याचा हात लागला होता त्याबद्दल न्यायालयाने त्याला एकही प्रश्न विचारला नाही.